प्रायमरीत कोणत्या कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराला पाठिंबा द्यावा? एका प्रिसिंक्ट चेअरचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ह्यूस्टनजवळ राहता, गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली, विचारांनी स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह मानता आणि 2028 च्या रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदा मत देणार आहात. बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प यांना पुन्हा निवडून येता येणार नाही, त्यामुळे मैदान मोकळे असेल आणि स्वतःला खरा कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणारे बरेच जण रिंगणात उतरतील. ज्याचे विचार सर्वाधिक पटतात त्याला मत द्यावे, नोव्हेंबरातील मुख्य निवडणुकीत जिंकू शकेल त्याला द्यावे, की जनमत चाचण्यांत जो पुढे आहे त्यालाच देऊन मत वाया जाऊ देऊ नये, असे आपण विचारले आहे. पत्नी अजून ग्रीन कार्डवर असल्याने तिने या सगळ्यात काय करावे, हा आपला शेवटचा प्रश्न आहे. त्याकडे मीही शेवटी येतो.

मी डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात प्रिसिंक्ट चेअर, म्हणजे एका मतदान विभागातील पक्षाचा स्थानिक प्रमुख, म्हणून काम करतो. 2008 पासूनच्या प्रत्येक प्रायमरीत मी दारोदार फिरलो आहे, फोन केले आहेत आणि शाळेच्या व्यायामशाळेतील मतदान केंद्रात टेबलामागे बसलो आहे. उमेदवाराचे नाव मी सुचवणार नाही, कारण प्रिसिंक्टमध्ये बसणाऱ्या माणसाने ते करू नये असे मला वाटते, आणि खरे सांगायचे तर 2028 पर्यंत कोण टिकेल हे आज सांगणे म्हणजे मृगाच्या आधी पीकपाणी सांगण्यासारखे आहे. निर्णय कसा घ्यावा एवढे मात्र सांगू शकतो.

आधी एका शब्दाविषयी. मराठी वर्तमानपत्रे कॉन्झर्व्हेटिव्हसाठी ‘पुराणमतवादी’ हा शब्द वापरतात आणि त्याला आपल्याकडे सोवळ्याओवळ्याचा वास आहे. अमेरिकेत या शब्दाखाली निदान तीन वेगळी माणसे उभी असतात. एकाला कमी कर आणि आटोपशीर सरकार हवे असते, दुसऱ्याला गर्भपात, कुटुंब आणि धर्मस्वातंत्र्य हे प्रश्न जिव्हाळ्याचे वाटतात आणि तिसऱ्याला बळकट संरक्षण व खंबीर परराष्ट्र धोरण हवे असते. रीगन यांच्या काळात हे तिघे एका तंबूत गुण्यागोविंदाने राहत होते. 2016 नंतर आयात शुल्क, स्थलांतर आणि परदेशातील युद्धे या प्रश्नांवर त्यांच्यात भिंती उभ्या राहिल्या. त्यामुळे ‘सर्वांत कॉन्झर्व्हेटिव्ह कोण’ या प्रश्नाला आज एकच उत्तर उरलेले नाही. आपण स्वतः या तिघांपैकी कोण आहात हे ठरवल्यावरच उमेदवारांकडे पाहण्यात अर्थ आहे.

आता मूळ प्रश्न. आपण महाराष्ट्रात वाढलात, तेव्हा तिकीटवाटप कसे होते हे आपल्याला सांगायला नको. सांगलीत माझ्या वडिलांचे एक मित्र आयुष्यभर विधानसभेच्या तिकिटासाठी मुंबई आणि दिल्लीच्या वाऱ्या करत राहिले, श्रेष्ठींनी दुसऱ्याचेच नाव जाहीर केले आणि मतदाराला समोर आलेल्या चिन्हांतून एक निवडण्याखेरीज काही काम उरले नाही. प्रायमरी म्हणजे ते तिकीटवाटपच आहे, फक्त येथे ते मतदारांच्या हातात आहे. म्हणून प्रायमरीत मत देताना नोव्हेंबरातील मतदाराची भूमिका थोडी बाजूला ठेवावी लागते आणि तिकीट देणाऱ्या समितीच्या सदस्यासारखा विचार करावा लागतो: या माणसावर विश्वास ठेवता येईल का, तो लढू शकेल का, आणि माझ्या एका मताने आज, या राज्यात, नेमके काय घडते? माझ्या अनुभवात नवे मतदार पहिल्या दोन प्रश्नांवर वर्षभर वाद घालतात आणि तिसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून मी तिसऱ्यापासून सुरुवात करतो.

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत मते थेट मोजून विजेता ठरत नाही. मतांचे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, होतात, आणि ते कसे होतात याचा नियम राज्यागणिक वेगळा असतो. 2016 मध्ये पक्षाचे एकूण 2,472 डेलिगेट होते आणि उमेदवारीसाठी 1,237 लागत होते. त्या वर्षी 20 फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांना साधारण 32.5 टक्के मते पडली, सिनेटर रुबिओ आणि सिनेटर क्रूझ यांना प्रत्येकी 22 टक्क्यांच्या थोडी वर. राज्यातील सर्वच्या सर्व 50 डेलिगेट ट्रम्प यांना मिळाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची मिळून जवळजवळ 45 टक्के मते होती आणि त्यांचे डेलिगेट शून्य. दहाच दिवसांनी, 1 मार्चला, आपल्या टेक्सासमध्ये वेगळा हिशेब होता. येथील 155 डेलिगेटांपैकी 108 हे 36 काँग्रेस मतदारसंघांत प्रत्येकी तीन असे वाटलेले होते आणि उरलेले 47 राज्यभरच्या मतांवर, पण त्यांत वाटा मिळण्यासाठी 20 टक्के मते ही किमान अट होती. क्रूझ यांना सुमारे 44 टक्के मतांवर 104 डेलिगेट मिळाले, ट्रम्प यांना सुमारे 27 टक्क्यांवर 48 आणि रुबिओ यांना 17.7 टक्क्यांवर फक्त 3. रुबिओ यांच्या पारड्यात पडलेली मते पाच लाखांच्या आसपास होती. त्या पाच लाखांत माझे कित्येक शेजारी होते आणि 20 टक्क्यांची अट त्यांतील फार थोड्यांना ठाऊक होती.

याचा अर्थ असा नाही की नेहमी पुढे असणाऱ्यालाच मत द्यावे. जो उमेदवार आपल्या राज्यात किमान अटीच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतो आहे, त्याला दिलेले मत सर्वांत मोलाचे असते, कारण त्याला 19 वरून 21 वर नेण्याने डझनभर डेलिगेट इकडचे तिकडे होतात. जो 8 टक्क्यांवर अडकला आहे त्याला दिलेल्या मताने केवळ आपले समाधान होते. समाधान मिळवायलाही हरकत नाही, पण ते समजून-उमजून मिळवावे. 2028 चे नियम अजून ठरायचे आहेत. राज्यांना ते सहसा आदल्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपर्यंत राष्ट्रीय पक्षाला कळवावे लागतात, म्हणून 2027 च्या दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्याच्या पक्ष कार्यालयात फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: किमान अट किती टक्क्यांची आहे आणि 50 टक्क्यांच्या वर गेल्यास सर्व डेलिगेट एकालाच जातात का.

दुसरी गोष्ट तारखेची. टेक्सासची प्रायमरी मार्चच्या पहिल्या मंगळवारी असते, पण मुदतपूर्व मतदान फेब्रुवारीच्या मध्यातच सुरू होते. येथे मला माझी एक फजिती सांगितली पाहिजे. 2016 मध्ये मी जेब बुश यांचा समर्थक होतो. फ्लोरिडाचे दोन वेळचे गव्हर्नर, कर कमी केलेले, शाळांच्या सुधारणांचे काम केलेले, माझ्या मते अनुभवाने सर्वांत वजनदार. मुदतपूर्व मतदान 16 फेब्रुवारीला सुरू झाले आणि इतरांसमोर आदर्श घालून द्यावा म्हणून मी पहिल्याच सकाळी वाचनालयातील केंद्रावर जाऊन मत दिले, शर्टावर ‘मी मतदान केले’ची चिकटपट्टी लावून ऑफिसला गेलो. चार दिवसांनी, साउथ कॅरोलिनाच्या निकालाच्या रात्री, बुश यांनी माघार घेतली. मतपत्रिकेवर त्यांचे नाव तसेच राहिले, माझे मतही तसेच राहिले आणि बदलण्याची कोणतीही सोय नव्हती. घरी बायकोने त्या रात्री एक शब्दही न बोलता माझ्यापुढे चहा ठेवला, तो मला अजून आठवतो. तेव्हापासून प्रायमरीत मी मुदतपूर्व मतदानाच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, मत देतो. प्रवासाला जायचे नसेल तर आपणही थांबावे. साउथ कॅरोलिनाचा निकाल हाती आल्यावर मैदानात कोण उरले आहे ते कळते.

म्हणूनच मी प्रत्येकाला एक पहिली पसंती आणि एक दुसरी पसंती आधीच ठरवायला सांगतो. 2024 मध्ये फ्लोरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर डिसँटिस यांनी सर्वांत आधी मत देणाऱ्या आयोवा राज्यात 15 जानेवारीला दुसरा क्रमांक मिळवला आणि 21 जानेवारीला, न्यू हॅम्पशरच्या दोन दिवस आधी, माघार घेतली. टेक्सासची पाळी येईपर्यंत ट्रम्प यांच्यासमोर माजी गव्हर्नर निक्की हेली एवढ्याच उरल्या होत्या. ज्यांची दुसरी पसंती तयार नव्हती, त्यांच्यातील बरेच जण 5 मार्चला घरीच बसले, आणि टेक्सासमध्ये त्याच मतपत्रिकेवर काँग्रेस, राज्य विधिमंडळ, न्यायाधीश आणि शेरीफ यांच्याही प्रायमरी असतात हे विसरले. आमच्यासारख्या भागांत त्या पदांचा खरा निकाल मार्चमध्येच लागतो, नोव्हेंबर हा उपचार असतो.

आता विश्वासाचा प्रश्न. मी त्याला सर्वाधिक वजन देतो आणि माझी पद्धत अगदी साधी आहे. आपल्या किराणा हिशेबाच्या वहीसारखी एक वही आहे आणि प्रत्येक उमेदवाराला दोन पाने. चार रकाने पाडलेले असतात: मुद्दा, तो काय म्हणाला, त्याने प्रत्यक्ष काय केले आणि ते करताना त्याला काय किंमत मोजावी लागली. मुद्दे मी तीनच घेतो, ज्यांवर मी तडजोड करणार नाही असे. दहा मुद्दे घेतले की प्रत्येक उमेदवार सहा-सातांवर उत्तीर्ण होतो आणि आपण होतो तेथेच राहतो. वहीचा खरा उपयोग चौथ्या रकान्याचा आहे. उमेदवाराचे संकेतस्थळ वाचून पहिले दोन रकाने कोणीही भरू शकतो आणि विधिमंडळातील मतदानाच्या नोंदी पाहून तिसराही, पण चौथा भरायला त्या माणसाचा थोडा इतिहास वाचावा लागतो.

एक उदाहरण आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचे आहे, म्हणून देतो. 2013 मध्ये सिनेटमध्ये स्थलांतर सुधारणेचे मोठे विधेयक चालू असताना क्रूझ यांनी एच-वन-बी व्हिसांची वार्षिक मर्यादा 65,000 वरून 3,25,000 करण्याची दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. 2015 च्या नोव्हेंबरात, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असताना, त्यांनीच गैरवापराची चौकशी होईपर्यंत एच-वन-बी 180 दिवस स्थगित करावा असे सुचवले आणि डिसेंबरात अशा व्हिसासाठी किमान 1,10,000 डॉलर पगाराची अट घालणारे विधेयक आणले. त्यांचे म्हणणे असे होते की दरम्यानच्या काळात गैरवापराच्या बातम्या पुढे आल्या आणि म्हणून मत बदलले. ते खरेही असू शकते. माझ्या वहीत मात्र दोन्ही वेळा चौथा रकाना कोरा आहे, कारण दोन्ही वेळा ती भूमिका त्या त्या वेळच्या वाऱ्याच्या दिशेनेच होती. 2013 च्या त्या स्थलांतर विधेयकाचे आठ शिल्पकार होते, त्यांत रुबिओ एक. ते 68 विरुद्ध 32 मतांनी सिनेटमध्ये संमत झाले आणि रुबिओ यांना कॉन्झर्व्हेटिव्ह मतदारांचा असा रोष पत्करावा लागला की पुढे त्यांनी स्वतःच त्यापासून हात झटकले. मला ते विधेयक मान्य नव्हते, तरी आरंभीचे धाडस चौथ्या रकान्यात लिहावेच लागले, आणि नंतरची माघारही.

2023 मध्ये हाच रकाना फार बोलका झाला. डिसँटिस यांनी एप्रिलमध्ये, उमेदवारी जाहीर करण्याच्या महिनाभर आधी, सहा आठवड्यांनंतर गर्भपातास बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. सर्वसाधारण निवडणुकीत तो जड जाईल हे न कळण्याइतके ते कच्चे नव्हते. हेली यांनी तरुण पिढीसाठी निवृत्तीचे वय वाढवावे लागेल असे उघड म्हटले, आणि पेन्शनीला हात लावणारे विधान ज्येष्ठ मतदारांसमोर करणे म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. ट्रम्प यांनी सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेला, हात लावणार नाही असे सांगितले आणि फ्लोरिडाच्या त्या कायद्याला चूक म्हटले. ज्याच्या यादीत गर्भपात पहिला आहे आणि ज्याच्या यादीत राष्ट्रीय कर्ज पहिले आहे, त्या दोन तितक्याच प्रामाणिक कॉन्झर्व्हेटिव्ह माणसांची उत्तरे येथे वेगळी येतात, आणि यायलाच हवीत. तुमच्या तीन मुद्द्यांचा क्रम मला माहीत नाही. तो माझ्यासारख्या कोणाकडून उसनाही घेऊ नये.

बोलणे आणि करणे यांतील अंतराचा जुना धडा म्हणजे थोरले बुश, जेब यांचे वडील आणि माजी राष्ट्राध्यक्ष. 1988 च्या अधिवेशनात त्यांनी नवे कर लावणार नाही असे निक्षून सांगितले आणि 1990 मध्ये करवाढीला संमती दिली. त्याच वर्षी त्यांनी सर्वोच्च न्यायालयावर डेव्हिड सूटर यांना नेमले, आणि ते पुढे कॉन्झर्व्हेटिव्हांच्या दृष्टीने नेमके विरुद्ध बाजूचे न्यायाधीश ठरले. 1992 मध्ये विद्यमान अध्यक्षाविरुद्ध उभे राहिलेल्या पॅट ब्युकॅनन यांना न्यू हॅम्पशरमध्ये 37 टक्क्यांच्या आसपास मते पडली, त्यांत करवाढीचा राग होता.

माझी पद्धत कोठे फसली तेही सांगितले पाहिजे. 2016 मध्ये माझ्या वहीत सर्वांत कमी गुण ट्रम्प यांना होते. त्यांनी कोणतेही पद भूषवले नव्हते, म्हणजे तिसरा रकाना रिकामाच, आणि 1999 मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांनी स्वतःला गर्भपाताच्या हक्काचे समर्थक म्हटलेले होते. मी लोकांना सांगत सुटलो की न्यायाधीशांच्या बाबतीत या माणसाचा भरवसा धरू नका. फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कालिया यांचे निधन झाले, मे महिन्यात ट्रम्प यांनी संभाव्य न्यायाधीशांची 11 नावांची यादी जाहीर केली, ती पुढे वाढत गेली, आणि सत्तेवर आल्यावर तीन न्यायमूर्ती त्याच यादीतून नेमले. 24 जून 2022 रोजी डॉब्ज खटल्यात रो विरुद्ध वेडचा, म्हणजे गर्भपाताला घटनात्मक हक्क मानणारा, निकाल रद्द झाला तेव्हा त्या तिघांची मते निर्णायक होती. म्हणजे ज्याचा इतिहास नाही तो नावांसकट लेखी शब्द देऊन स्वतःला बांधून घेऊ शकतो, हे मला तेव्हा सुचले नव्हते. आता वहीत मी एक ओळ त्यासाठी ठेवतो. कर्जाच्या मुद्द्यावर मात्र त्याच कारकिर्दीत राष्ट्रीय कर्ज जवळजवळ आठ लाख कोटी डॉलरनी वाढले, त्यामुळे मी अगदीच चुकलो असेही म्हणत नाही. अर्थात ती यादी मे महिन्यात आली आणि टेक्सासचे मत मार्चमध्येच पडून गेले होते. 2028 मध्ये एखाद्या उमेदवाराला जाहीर सभेत प्रश्न विचारण्याची संधी मिळाली, तर ‘कसे न्यायाधीश नेमाल’ असे विचारू नका, ‘नावांची यादी मार्चपूर्वी देणार का’ असे विचारा.

राहिला नोव्हेंबरात जिंकण्याचा प्रश्न. कॉन्झर्व्हेटिव्ह लेखक विल्यम बकली यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आमच्या प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी ऐकवतो: जिंकू शकणाऱ्यांमध्ये जो सर्वांत उजवा, त्याला पाठिंबा द्यावा. नियम चांगला आहे, पण त्याचा पूर्वार्ध कोणालाच धड वापरता येत नाही. 1964 मध्ये गोल्डवॉटर फार उजवे आहेत असे म्हटले गेले आणि ते केवळ सहा राज्ये जिंकून हरले. 1980 मध्ये रीगन यांच्याबद्दल तेच म्हटले गेले आणि त्यांनी 44 राज्ये जिंकली. मध्यममार्गी म्हणून निवडून येतील असे सांगितलेले डोल 1996 मध्ये, मॅकेन 2008 मध्ये आणि रॉम्नी 2012 मध्ये हरले. 2016 मध्ये ज्यांना हमखास हरणारा म्हटले गेले ते जिंकले. मी स्वतः या यादीतील निम्म्या वेळा चुकीच्या बाजूला होतो. म्हणून जिंकण्याच्या शक्यतेला मी तिसऱ्या क्रमांकाचे वजन देतो आणि ती फक्त दोन सारख्या वाटणाऱ्या उमेदवारांत निवड करताना वापरतो. तेथेही मी चाचण्या पाहत नाही. चुरशीच्या राज्यात किंवा विरोधी पक्षाच्या मतदारसंघात तो माणूस पूर्वी निवडून आला आहे का, एवढेच पाहतो.

चाचण्यांविषयी आपण खास विचारले आहे, तर त्यांचे मोल वर्षागणिक वेगळे असते. माजी राष्ट्राध्यक्षच उभे असतील तर, 2023 मध्ये झाले तसे, वर्षभर आधीची आघाडी टिकते. मोकळ्या मैदानात टिकत नाही. 2007 मध्ये जवळजवळ वर्षभर राष्ट्रीय चाचण्यांत रूडी ज्युलियानी पुढे होते, त्यांनी सारी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, तेथे तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. पैशाचेही तेच. जेब बुश यांच्या समर्थक गटाने 2015 मध्ये 10 कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली होती, तिचे काय झाले ते वर आलेच आहे. आणि आयोवा जिंकणारा उमेदवारी जिंकतोच असेही नाही: हकबी, सँटोरम आणि क्रूझ या तिघांनी 2008, 2012 आणि 2016 मध्ये अनुक्रमे आयोवा जिंकले आणि एकालाही उमेदवारी मिळाली नाही. आयोवा उमेदवार निवडत नाही, गर्दी कमी करते. शेवटच्या चार आठवड्यांत फक्त टेक्सासच्या चाचण्या पाहाव्यात, त्याही किमान अटीच्या संदर्भात.

चांगला कारभार करणे आणि चांगली मोहीम चालवणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत, हेही मी उशिरा शिकलो. विस्कॉन्सिनचे स्कॉट वॉकर यांनी 2011 मध्ये सरकारी कर्मचारी संघटनांच्या सौदाशक्तीला चाप लावला, त्यापायी 2012 मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी निवडणूक झाली आणि तीही ते जिंकले. माझ्या वहीतील चौथा रकाना इतका भरगच्च क्वचितच कोणाचा असेल. जुलै 2015 मध्ये ते रिंगणात उतरले आणि 21 सप्टेंबरला, एकही मत पडण्याआधी, बाहेर पडले. मोहिमेचा खर्च आवरला नव्हता. ज्याला आपल्याच मोहिमेचा ताळेबंद जमत नाही, त्याच्या राज्यकारभाराच्या गुणांचा उपयोग व्हायची वेळच येत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये निवडणूक आयोगाकडे दाखल होणारे तिमाही हिशेब मी जरूर उघडतो आणि किती जमले यापेक्षा किती उरले ते पाहतो.

वादविवादांचे प्रसारण मी टाळतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा लेखी उतारा वाचतो, कारण पडद्यावर आवाज आणि टाय दिसतात, कागदावर उत्तर दिसते. अपवाद एकदाच खटकला: 6 फेब्रुवारी 2016 ला न्यू हॅम्पशरमधील वादविवादात न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टी यांनी रुबिओ यांना पाठ केलेल्या वाक्यांवरून डिवचले आणि रुबिओ यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, ते कागदावर वाचून त्याची धार कळली नसती.

मंडळाच्या कार्यक्रमात हमखास ऐकू येणारा एक युक्तिवाद म्हणजे ‘आपला माणूस’. जिंदाल, हेली, रामस्वामी अशी भारतीय वंशाची नावे रिपब्लिकन रिंगणात येऊन गेली आहेत आणि पुढेही येतील. अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. वहीत मात्र त्यांनाही तीच दोन पाने आणि तेच चार रकाने.

आता पत्नीविषयी, कारण येथे चूक झाली तर ती सर्वांत महाग पडते. ग्रीन कार्डधारकाला राष्ट्राध्यक्षपदाच्या कोणत्याही निवडणुकीत, प्रायमरीतही, मत देता येत नाही, आणि मतदार म्हणून नाव नोंदवणे म्हणजे नागरिक असल्याचा खोटा दावा ठरतो. नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर होण्यापासून देशाबाहेर पाठवले जाण्यापर्यंत त्याचे परिणाम होऊ शकतात. पत्नी उमेदवाराला देणगी देऊ शकतात, 2024 मध्ये ती मर्यादा एका निवडणुकीसाठी 3,300 डॉलर होती. फोन करू शकतात, घरोघर फिरू शकतात, आणि आमच्या भागातील सर्वांत तरबेज कार्यकर्त्या वर्षानुवर्षे ग्रीन कार्डवरच होत्या. एच-वन-बीवरील भाऊ किंवा मित्र असेल तर त्याने विनामोबदला मदत करावी, पण एक डॉलरही देऊ नये. आणि पत्नी वाहन परवान्याचे नूतनीकरण करायला जातील तेव्हा आपण सोबत जा. तेथील अर्जात मतदार नोंदणीविषयी एक प्रश्न असतो आणि खिडकीमागचा माणूस घाईत असतो. नागरिक असल्याचा आणि नोंदणी हवी असल्याचा, अशा दोन्ही चौकोनांत ‘नाही’वरच खूण आहे ना, हे सही करण्यापूर्वी दोघांनी मिळून पाहा.